तालाले दुसरा घास

शिंगाडा खाणाऱ्याच्या जिभेले गोड लागते, तोडणाऱ्याच्या बोटाले नाही. सरईटोल्यातल्या कोण्याही बाईले विचारा. सिहोऱ्याच्या बाजारात हिरवेगार ढीग दिसतात ना, त्या एकेका शिंगाड्याले शिंगं असतात, आन् ते शिंग नखाखाली गेलं की बाई पाण्यातल्या पाण्यात मेलेल्या आज्याले हाका मारते.

बेबीताईचे हात या साली जास्तच उलले होते, भेगाच भेगा. कार्तिक लागला होता, सकाळचं पाणी हाडाले लागून राहिलं होतं. पत्र्याच्या डोंग्याच्या एका टोकाले ती, दुसऱ्या टोकाले पार्वताबाई, मधात टोपली. हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा, वेल उलटा करायचा, पानाखाली लोंबलेले शिंगाडे खुडायचे आन् वेल होता तसा पाण्यावर ठेवायचा. उलटा राहिला तर सडते. हाताले जळू चिकटते ते वेगळंच.

"बेबे, वेल ठेवून राहिली का फेकून राहिली?" पार्वताबाई म्हणाली. "तुह्या बापानं लावला काय तो?"

"ठेवला ना, मावशी."

"ठेवला म्हणते. असा नवरा ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी पळाला असता."

काठावर तिचा नवरा तुळशीराम शिंगाडे उकडाच्या भट्टीसाठी लाकडं फोडून राहिला होता, तो हसला. बायकोले शिव्या पडल्या की काम बरं चाललं, असा त्याचा हिशेब.

ही पार्वताबाई जातीची ढीवर. तिचा आजेसासरा भंडाऱ्याकडून शिंगाड्याचं बी ओल्या फडक्यात बांधून इकडे जबलपूर मुलखात आलता, असं ती सांगे. बेबीताई आन् तुळशीराम तुमसरकडचे. राइसमिलवर कामाले आले, मिल बंद पडली, आन् पोट्टीले कडेवर घेऊन या तालाच्या, म्हणजे तलावाच्या, काठावर उभे राहिले. पार्वताबाईनं जात विचारली नाही. तिनं विचारलं, "पाण्याले भेतेस काय?"

"भेते," बेबीताई म्हणाली.

"मंग शिकशीन. न भेणारी बुडते."

शिंगाड्याचा वेल हातानं लागत नाही, पायाच्या अंगठ्यानं लागते. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून मूळ अंगठ्यात धरायचं आन् खालच्या चिखलात दाबायचं. चिखल असा ओढते जसं कोणी खाली बसून पाय गिळून राहिलं आहे. पहिल्याच दिवशी बेबीताईचा पाय सटकला. पार्वताबाईनं तिले अंबाड्याले धरून वर काढलं, मेथीची जुडी पाण्यातून काढावी तसं, आन् म्हणाली, "तोंड बंद ठेव. सारा ताल पिऊन टाकशीन तर शिंगाडे कुठं लावू?"

तवापासून दोघी एका डोंग्यात. अर्धं तिचं, अर्धं हिचं. पण तालाले घास द्याचा मान पार्वताबाईचाच.

हा घास म्हणजे असा. आश्विनात पहिली तोडणी झाली, की ज्या बाईच्या अंगठ्यानं पहिला वेल लागला ती कंबरेएवढ्या पाण्यात उतरते. शिंगाडा दातानं सोलते, अर्धा आपण खाते आन् उरलेला उष्टा तालाले देते. उष्टाच द्यावा लागते. मायच्या उष्ट्यावर लेकरू वाढते तसं. ना भटजी, ना नारळ. पार्वताबाईच्या सासूनं दिला, ती रांडवपणातही देत राहिली. पार्वताबाईनं दिला. मागल्या पावसाळ्यात तिचा नवरा नारायणराव गेला, तरी या आश्विनात तीच उतरली पाण्यात, उघड्या मनगटानं, आन् कोणाच्या डोळ्यात ते आलं नाही. तालाले बांगड्या ऐकू येत नाहीत.

आता गोष्ट अशी झाली का जिल्ह्याचा विरासत उत्सव निघाला. कोण्या गावची बावडी, कोण्या गावचं पडकं देऊळ, कोण्या गावची गढी, असं एकेक ठिकाण निवडून तिथं शहरातले लोकं येणार, भाषणं होणार, पोरं नाचणार. सरईटोल्यात ना गढी ना देऊळ. पण ताल जुना, गोंड राजाच्या वेळचा म्हणतात. मंग सरईटोल्याच्या वाट्याले ताल आन् शिंगाडा आला.

सरपंच भय्यासाहेब एका बाईले घेऊन काठावर आले. जबलपुरातल्या नेपियर टाऊनच्या अवंतिका मॅडम, उत्सवाच्या समितीतल्या. पार्वताबाई तवा टोपली घेऊन घरी गेली होती. बेबीताई डोंगा धुऊन राहिली होती. तिनं तुळशीरामले "अजी, तो दोर द्या" म्हणलं, आन् मॅडम थबकल्या.

"अय्या, तुम्ही मराठी?"

"हाव. तुमसरकडचे."

"माझं माहेर अमरावतीचं हो." मॅडम आनंदानं चिखलातच उतरल्या, चांगली चप्पल भरली तरी पाहिलं नाही. बाई मोकळ्या मनाची होती, खोटं कायले बोला. तिनं एवढं आपुलकीनं विचारलं का बेबीताईच्या तोंडातून वेल, अंगठा, भट्टी सारं निघालं, आन् शेवटी घासही निघाला.

"हेच दाखवूया," मॅडम म्हणाल्या. "हे तर कुठेच नाही बघा. तुम्ही देता घास?"

"नाही जी, ते मावशी..." बेबीताई बोलत होती, तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला आन् त्या बोलत बोलत गाडीकडे गेल्या.

भय्यासाहेब मागं राहिले. माणूस गोड बोलणारा. पान चघळत म्हणाले, "भौजी, घास तो तुम ही दोगी."

"काहून? ते तर पार्वतामावशी देते."

"अरे, वो हमको पता है. पर देखो, साहब लोग आएँगे, उनकी घरवालियाँ आएँगी. फोटो खिंचेगा. सूनी कलाई, सफेद धोती, शुभ काम में अच्छा नहीं दिखता. हम नहीं कहते, दुनिया कहती है." त्यांनी पानाची पिंक टाकली. "और वो जूठा मत करना बाबा. चाकू से छीलकर थाली में रखना, दो फूल रखना."

"पण..."

"फागुन में ताल का पट्टा, मतलब ठेका, फिर से होना है. पंचायत में तुम्हारा नाम लेने वाला भी तो कोई चाहिए. इतने साल से पार्वता के नाम के नीचे दबी हो."

बेबीताईनं दोर गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. "मावशीले तुमी सांगसान ना?"

"औरतों की बात में हम क्या बोलें. तुम बोल देना."

तुळशीराम सारं ऐकून राहिला होता. भय्यासाहेब गेल्यावर म्हणाला, "नाही म्हणून टाक."

"तुमी म्हणा ना. तोंड नाही काय तुमाले?"

त्यानं कुऱ्हाड उचलली आन् फोडलेलंच लाकूड पुन्हा फोडलं.

संध्याकाळी बेबीताई पार्वताबाईच्या घरी गेली. सांगाचंच, असं ठरवून गेली. पार्वताबाईनं ताट पुढं केलं, भाकर आन् भेदराची, म्हणजे टमाटराची, चटणी. "बस. तोंड सुकलं तुहं. तो तुळश्या जेवू घालत नाही वाटते."

बेबीताईनं घास मोडला.

"मले भय्यासाहेबानं निरोप धाडला," पार्वताबाई म्हणाली. "उत्सवाच्या दिवशी भट्टी मी पाहायची. पाहुण्याले उकडलेले शिंगाडे. म्हटलं पाहते. आन् ते पोरं सांगून राहिले का तिथं घासही दाखवणार म्हणून. मी म्हटलं, खुळे झाले काय? आश्विनात दिला ना मी. एका साली एकच घास. जेवलेल्याले पुन्हा घास कोणी देते काय? दुसरा घास मेलेल्याले देतात."

बेबीताईच्या तोंडात भाकर होती. ती चावत राहिली.

"तू काही ऐकलं काय?" पार्वताबाईनं विचारलं.

"नाही," बेबीताई म्हणाली. आन् वरून म्हणाली, "चटणी भल्ली चांगली झाली, मावशी."

घरी येताना तिनं मनाले समजावलं का उद्या सांगीन. दुसऱ्या दिवशी तोडणी जास्त होती. तिसऱ्या दिवशी पार्वताबाई सिहोऱ्याले गेली. सांगाचं नसलं का दिवस कसे मदत करतात, पाहा.

समृद्धी, तिची पोट्टी, जबलपूरले कोचिंगले होती, ती उत्सवासाठी घरी आली. तिले मराठी समजे सारी, बोले हिंदी. "मम्मी, आप तो स्टार हो गईं," म्हणे. अवंतिका मॅडमनं हिरवी नऊवारी धाडली होती. बेबीताई जन्मात कधी नऊवारी नेसली नव्हती, तिची माय नेसे. समृद्धीनं मोबाइलवर पाहून पाहून ती गुंडाळली. काष्टा तीनदा सुटला. भय्यासाहेबाच्या घरून हिरव्या बांगड्या आल्या. उललेल्या हातावरून चढवताना रक्त निघालं. आरशात पाहिलं तवा मात्र बेबीताईले आपण बऱ्या दिसलो असं वाटलं, आन् ते वाटलं याचीच तिले पुढं जास्त लाज वाटली.

उत्सवाच्या दिवशी तालाच्या काठावर शामियाना लागला. जबलपूरहून बस भरून लोकं आले, डोक्यावर टोप्या, गळ्यात कॅमेरे. शाळेतले पोरं पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन राजे झाले होते, एका राजाचं नाक वाहून राहिलं होतं. एक म्हातारे गुरुजी माइकवर बोलले का हा ताल राजानं खणला.

"राजानं फावडं धरलं असन काय?" तुळशीराम शेजारच्याले म्हणाला. हसला नाही पण.

भट्टी शामियान्याच्या मागं, वाऱ्याच्या खालच्या अंगाले. धूर तिथंच बसून राहिला होता. पार्वताबाई पदर डोक्याले घट्ट बांधून कढईतले शिंगाडे हलवत होती, काळंभोर पाणी उकळत होतं. पाहुणे द्रोण घेऊन येत, नाकाले रुमाल लावत, परत जात.

मंग माइकवर नाव घेतलं. "सरईटोला की सिंघाड़ा परंपरा की वाहक, श्रीमती बेबीताई जी."

घाटाच्या पायऱ्यांवर लाल चादर अंथरली होती, पाण्यापर्यंत. बेबीताई थाळी घेऊन उतरली. थाळीत चाकूनं सोललेले पांढरेशुभ्र शिंगाडे, झेंडूचे फूल. पाणी गुडघ्याले लागलं तसं फोटोवाल्यानं थांबवलं, "बस दीदी, बस, साड़ी दिखनी चाहिए." तिनं एक शिंगाडा उचलून पाण्यात सोडला. तो बुडाला नाही लवकर, पायाजवळच घुटमळत राहिला.

"दीदी, एक बार और. इधर देखकर."

तिनं आणखी एक सोडला.

"थोड़ा मुस्कुराकर."

आणखी एक. दुसरा घास तर होऊन गेला होता, आता ती किती वाढून राहिली होती तिलेच समजत नव्हतं. हात उंच केला का बांगड्या वाजत. तालात दूरवर तिचे आन् पार्वताबाईचे वेल पसरले होते, तिकडे तिनं पाहिलं नाही.

वर आली तशी मॅडमनं खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला, आन् माइक तिच्या तोंडासमोर धरला. साऱ्यांले समजावं म्हणून हिंदीत विचारलं, आन् हळूच मराठीत, "घाबरू नका, बोला. हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

आता इथं, बापा, एका नावाचं काम होतं. तेवढं नाव घेतलं असतं तर नऊवारी माफ होती, बांगड्या माफ होत्या, चाकू माफ होता. बेबीताईनं तोंड उघडलं. समोर पहिल्या ओळीत भय्यासाहेब मान हलवून राहिले होते. साहेबांची घरवाली हसून पाहून राहिली होती. शामियान्याच्या कडेनं धूर येत होता. नाव घेतलं तर म्हणतील, मंग ती कुठं आहे, बोलवा. आन् ती धुरातून येईन, घामानं भरलेली, आन् विचारीन, बेबे, तू इथं काय करून राहिली?

"सासूनं," बेबीताई म्हणाली.

"और आपकी सास को?"

"त्यांच्या सासूनं."

टाळ्या वाजल्या. मागं गर्दीत तुळशीरामनं मान खाली घातली. त्याची माय तुमसरले साऱ्या आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नव्हती. नळावरही ती लुगडं सावरून उभी राहे.

भट्टीजवळही एक भोंगा बांधला होता, भय्यासाहेबानं काही कमी ठेवलं नव्हतं.

लोकं बेबीताईभोवती जमले. कोणी फोटो काढे, कोणी बोटं पाहू म्हणे. त्या गर्दीतून पार्वताबाई आली. हातात द्रोण, वाफ निघून राहिलेली. लोकांनी तिले वाट दिली, वाढणारी बाई समजून.

"खा," ती म्हणाली. "पाण्यातून आली, भूक लागली असन, बेबीताई."

आवाज बिलकुल साधा. राग असता तर बेबीताईले धरायले काही सापडलं असतं. तिनं द्रोण घेतला. गरम होता, उललेल्या बोटांले चटका बसला, तरी सोडता आला नाही. पार्वताबाईनं तिच्या मनगटाकडे एकदा पाहिलं आन् भट्टीकडे निघून गेली, कढई जळत असन म्हणून.

घरी आल्यावर तुळशीराम म्हणाला, "माह्या मायले पोहता येत होतं, मले माहीत नव्हतं."

"गप बसा."

"बसतो. मी बसतोच ना नेहमी." तो भिंतीकडे तोंड करून बसला. "मावशीनं आपल्याले काठावरून उचललं, समृद्धीचे माय. पोट्टी भुकेनं रडत होती तवा."

समृद्धी मोबाइल घेऊन आली. "मम्मी, देखो कितने लोगों ने देखा." बेबीताईनं पाहिलं. त्या चौकोनात एक बाई हसून हसून पाण्यात शिंगाडे टाकून राहिली होती. कोणाची कोण ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिले वाटलं, पार्वताबाई येणार नाही. ती आली. आपल्या टोकाले बसली, बांबू टेकवून डोंगा लोटला. पाणी कालपेक्षा थंड. दोघी तोडाले लागल्या. बेबीताईनं मुद्दाम एक वेल उलटा टाकला. पार्वताबाईनं हात लांब केला, वेल सुलटा केला आन् पुढं गेली.

उन्ह वर आलं तरी तिच्या तोंडातून एक शिवी निघाली नाही. बेबीताईले त्या शिव्या अशा आठवल्या जशा माहेरच्या गोष्टी आठवतात.

शिंगाड्याचं शिंग अंगठ्याच्या नखाखाली खोल गेलं. आधी असं झालं का पार्वताबाई तिचं बोट आपल्या तोंडात घाले, दातानं काटा ओढे, थुंके आन् म्हणे, "रडू नको, बाळंतपण नाही ते." आज तिनं पदराची पिन काढली आन् टोपलीवरून पुढं केली.

बेबीताईनं पिन घेतली. उजव्या हातात काटा, डाव्या हातानं काढता येईना. खुपसत राहिली, रक्त पाण्यात पडत राहिलं. पार्वताबाई तोडत राहिली.

"मावशी, काल..."

"काल काय?"

"मी नाव घेणार होती."

"टोपली इकडे सरकवा," पार्वताबाई म्हणाली. "तिकडे वजन झालं."

सरकवा म्हणाली.

तुळशीरामनं सल्ला दिला का शाल तिले नेऊन दे. मान तिचा, शाल तिची. बेबीताई शाल घडी करून घेऊन गेली. पार्वताबाई अंगणात वाळलेले शिंगाडे लाकडी हातोडीनं फोडून राहिली होती, टरफल एकीकडे, गर एकीकडे.

"हे तुहं आहे, मावशी."

"मले कोणं दिलं?"

"मी देऊन राहिली."

हातोडी थांबली. "तू देणारी कोण वं?"

बेबीताई शाल जमिनीवर ठेवायले वाकली, तर पार्वताबाई म्हणाली, "तिथं नको, टरफलं लागतीन. घेऊन जा. माह्याजोळ गोधडी आहे." आन् पुन्हा फोडाले लागली. बेबीताई शाल काखेत दाबून गल्लीतून परत आली. वाटेत हातपंपावरच्या बाया म्हणाल्या, "का हो बेबीताई जी, शाल फिरवाले नेली काय?" तिनं हसून दाखवलं.

मंग तिनं समृद्धीले अवंतिका मॅडमले फोन लावाले सांगितलं.

"क्या बोलोगी मम्मी? सब हो गया अब."

"लाव म्हणलं ना."

फोन लागला. मॅडमचा आवाज तसाच गोड. "अहो बेबीताई, काय सुंदर झालं. सगळे विचारताहेत तुमच्याबद्दल."

"मॅडम, मी चुकीचं सांगितलं. मले सासूनं नाही शिकवलं. आमच्या गावात पार्वताबाई आहेत, नारायणरावाच्या. त्याहीनं शिकवलं सारं. घासही त्याहीचाच. आन् तो चाकूनं नाही, उष्टा देतात."

तिकडे मॅडम हसल्या, मायेनं हसल्या. "किती प्रामाणिक आहात तुम्ही. असू द्या हो. सासूबाई काय आणि शेजारीण काय, परंपरा तर एकच ना. पुढच्या वर्षी त्यांनाही बोलवू, शेजारी उभं करू तुमच्या."

"माह्या शेजारी नाही, मॅडम. त्याहीच्या..."

"हो हो, नक्की. ठेवते मी, मीटिंग आहे."

फोन ठेवला तरी बेबीताई तो कानालेच लावून होती. तिनं खरं सांगितलं होतं, आन् ते खरं त्या बाईनं पेढा खावा तसं खाऊन टाकलं.

"हो गया?" समृद्धीनं विचारलं.

"हाव," बेबीताई म्हणाली. "झालं."

शेवटची तोडणी मार्गशीर्षात झाली. वेल पिवळे पडले होते, पानं काळी पडून चिकट झाली होती. या वेळेले निबर, जड शिंगाडे बियाणासाठी वेगळे काढतात आन् ओल्या चिखलात खड्ड्यात ठेवतात, उन्हाळा सरेपर्यंत. त्या खड्ड्याले गादी म्हणतात. गादी पार्वताबाईची, तिच्या अंगणामागं. एवढे सालं दोघींचं बी त्या एका गादीत राहिलं. आषाढात त्यातूनच वेल निघत, तिचे कोणते आन् हिचे कोणते, कोणीच पाहिलं नव्हतं.

बेबीताईले हीच धाकधूक होती का मावशी या साली बी देते का नाही. बी नाही तर वेल नाही, वेल नाही तर ताल घेऊन काय करतं माणूस. भय्यासाहेब रस्त्यात भेटले का म्हणत, "भौजी, पट्टा तुम्हारे नाम पक्का समझो." ती मान हलवे आन् चप्पल पाहे.

पार्वताबाईनं काठावर फडकं पसरलं आन् बियाण निवडाले बसली. एकेक शिंगाडा हातात घेऊन दाबे, हलवे, पाण्यात टाकून पाहे, बुडला तर चांगला. दोन ढीग केले. बेबीताई समोर उभी. तिले दिसत होतं का मोठे मोठे सारे एकाच ढिगात जाऊन राहिले आहेत. तिनं मनाची तयारी केली. तिचाच हक्क आहे, मले बारके भेटले तरी तोंड उघडणार नाही.

पार्वताबाईनं मोठ्या शिंगाड्यांचा ढीग टोपलीत भरला आन् टोपली बेबीताईकडे सारली.

"घेऊन जा."

"हे मोठे तू ठेव ना, मावशी."

"मले कायले? मी आता मागच्या बारक्या तलैयात लावीन, माह्या पोटापुरतं. मोठा ताल तुमचा. मोठ्या तालाले निबर बी लागते."

"मावशी, मी पट्टा मागितला नाही. मायच्यान."

"मी कुठं म्हटलं मागितला." पार्वताबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, हाडं वाजली. तिनं आपल्या बारक्या शिंगाड्यांचं फडकं बांधलं.

"मंग गादी? आपण गादी तर एकच..."

"नाही. तुमची गादी वेगळी करा."

"मले येत नाही गादी करता," बेबीताई म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "तूच करत आली ना दरसाल. मले कुठं येते?"

पार्वताबाईनं गाठोडं काखेत घेतलं. "सासूले विचारा," ती म्हणाली, आन् बांधावरून चालाले लागली.

टोपली जड होती, वाटभर तिच्यातून पाणी गळून कंबर भिजत राहिली. देणाऱ्यानं बारकं दिलं असतं तर बेबीताई भांडली असती, रडली असती, काहीतरी झालं असतं. चांगल्यातलं चांगलं दिलं होतं. आता कोण्या तोंडानं भांडायचं.

घरी तुळशीरामनं फावडं घेतलं. "कुठं खणू?"

बेबीताईनं इकडे तिकडे पाहिलं आन् अंगणातल्या नीमाच्या झाडाखाली बोट दाखवलं. सावली होती, उन्हाळ्यात ओल राहीन असं तिले वाटलं.

"किती खोल?"

"खणा तुमी."

"किती ते तर सांग."

तिनं टोपली झाडाखाली सारली. तो खणाले लागला. पार्वताबाईचं घर समोरच, मधात बोळ. ती ओट्यावर बसून बकरीले पाला खाऊ घालून राहिली होती. इकडे पाहत नव्हती. फावड्याचा आवाज मात्र तिच्यापर्यंत जात होता, जाणारच.

थोडा वेळ गेला. मंग पार्वताबाई बकरीले म्हणाली, मोठ्यानं, "काय वं, नीमाखाली कोणी बी पुरते काय? पाला पडन, पाणी कडू होईन, बी सडन. न्हाणीच्या मोरीपाशी खणा म्हणावं, कंबरेएवढं. आन् खाली आधी जुन्या तालाचा चिखल." बकरी पाला चावत राहिली. "लोकाले डोकंच नाही," पार्वताबाई तिले म्हणाली.

तुळशीरामचं फावडं हवेत थांबलं. त्यानं बायकोकडे पाहिलं.

बेबीताईनं त्याच्या हातातून फावडं घेतलं आन् न्हाणीच्या मोरीपाशी गेली. तिथली जमीन मऊ होती. बोळाच्या पलीकडे पाहावं, एक शब्द म्हणावा, असं तिच्या मनात आलं. पण मान वर होईना. ती खणत राहिली, गुडघ्याएवढं झालं, मांडीएवढं झालं, आन् खड्ड्यात उतरून कंबरेले माती लागेपर्यंत तिनं वर पाहिलं नाही.